भिंतीबाहेरची जाळी

ह्यांना लकवा मारला त्या आठवड्यात आक्का देऊळघाटहून आल्या, त्या चार दिवसांसाठी. हातात एक पिशवी, तिच्यात दोन लुगडी आणि दवाखान्यात लागेल म्हणून स्टीलचा डबा. मग त्या राहूनच गेल्या.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. सासूबाई लवकर गेल्यामुळे ह्यांना त्यांनीच कडेवर घेऊन वाढवलेलं. स्वतःला मूलबाळ झालं नाही, नवराही लवकर गेला, आणि शेत बटईनं देऊन त्या एकट्याच राहत होत्या. मी बुलडाण्यातच शाळेत शिकवत होते, निवृत्तीला अजून अवकाश होता. नोकरी सोडावी की घरात बाई ठेवावी, असा विचार चालला होता. आक्कांनी तो ऐकला आणि म्हणाल्या, "माह्या भावाले परकी बाई कायले लागते? तू शाळेत जात जाय. मी हाओ."

ह्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. जन्मभर कचेरीत बसून माणसांशी हुज्जत घातलेला हा माणूस, त्याच्याकडे एकच शब्द उरला. "बरं." जेवता का? बरं. दुखतंय का? बरं. लेकीचा फोन आला की तिचं सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी बरं. लेक तिकडे रडायची, म्हणून मी फोन लवकर काढून घेत असे.

अंथरुणावरच्या माणसाचं सगळ्यात मोठं काम म्हणजे धुणं. हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. चादरी, मेणकापडावरचे पंचे, लुंग्या. दिवसातून कितीतरी वेळा बदलायचं. उन्हाळ्यात ते निभलं. पण बुलडाणा डोंगरावर. आषाढ लागला की ढग खाली उतरतात आणि ऊन म्हणून दिसत नाही. घरभर दोऱ्या बांधल्या होत्या. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना ओली चादर तोंडाला लागायची. कपड्यांना कुबट वास, भिंतींना ओल. आक्का उभ्या राहून चादरींवर इस्त्री फिरवत, वाफ निघे, तरी शिवणीत ओल राहायचीच. एक दिवस ह्यांच्या पाठीवर लाल चट्टा दिसला, मग तिथे जखम झाली. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, "अंथरूण जराही ओलसर राहता कामा नये."

लेक तेव्हा पुण्याला होती. जावयाला परदेशात नोकरी लागली, त्यांनी फ्लॅट आवरला. जाण्याआधी तिने टेम्पोतून बरंच सामान आमच्याकडे पाठवलं. त्यात कपडे वाळवायचं मशीन होतं. "आई, हे धुत नाही, नुसतं वाळवतं," ती फोनवर म्हणाली. "बाबांना रोज कोरडी चादर मिळेल." मला आठवतं, हे सांगताना तिचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता.

मशीन स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात बसवलं. त्यातली गरम दमट हवा बाहेर जायला चंदेरी, चुण्याचुण्यांचा पाईप होता. वायरमनने मागच्या भिंतीला भोक पाडून तो बाहेर काढला. भिंतीपलीकडे आमच्या आणि शेजारच्या घरामधली अरुंद बोळ. तिथे गवत, फुटकी कौलं, कुणाचं जाणंयेणं नाही. आक्का ते भोक बघत उभ्या राहिल्या.

"एवढं मोठं भोक उघडंच ठेवता का वं? उंदीर घुसतीन. जनावर बी येईन."

देऊळघाटला त्यांच्या मोरीतून एकदा नाग आत आला होता. तेव्हापासून घरातल्या कोणत्याही भोकाची त्यांना धास्ती. मलाही त्यांचं म्हणणं पटलं. वायरमनने खिडकीच्या डासांच्या जाळीचा उरलेला तुकडा कापला आणि बाहेरून पाईपाच्या तोंडावर घट्ट बसवला.

पहिल्या दिवशी मशीनमधून काढलेली कोमट चादर आक्कांनी ह्यांच्या अंगाखाली सरकवली. ह्यांनी डोळे मिटले आणि "बरं" म्हणाले. आक्का माझ्याकडे बघून हसल्या. पाठीवरची जखम पुढे हळूहळू भरत आली. त्या मशीनने आम्हाला एक चांगलं वर्ष दिलं, हेही मला सांगितलं पाहिजे.

मशीनच्या दारात एक चाळणी होती. कपड्यांतून सुटलेला कापूस तिच्यावर जमायचा, करडा, मऊ, सशाच्या अंगासारखा. आक्का दर वेळी तो काढत, कधी चुकल्या नाहीत. टाकून द्यायचा म्हणून अंगणातल्या बंबात घालत. काडी लावली की भप्पकन पेटायचा आणि वरची लाकडं धरायची. "रॉकेल नाही लागत आता," असं त्या कौतुकाने सांगायच्या. तो इतका झटकन पेटतो हे आम्ही दोघी रोज बघत होतो. पण चाळणीतून निसटलेला कापूस पुढे पाईपात जात असेल, हे आमच्या मनातही आलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात मशीनला वेळ लागू लागला. एका फेरीत वाळणारी चादर दोन फेऱ्यांत वाळेना. वरचा पत्रा इतका तापायचा की हात ठेवता येत नसे. मागच्या भिंतीला घाम सुटायचा. कधी कधी इस्त्री कापडावर विसरल्यासारखा वास यायचा. आक्का म्हणाल्या, "थकलं वाटते हे बी." मी म्हटलं, जुनं झालंय, दिवाळीत कुणाला तरी दाखवू. आणि आम्ही ते जास्त वेळ चालवू लागलो.

त्या दिवशी मी वर्गावर होते. शिपाई दारात आला आणि म्हणाला, "बाई, घरी जा. आग लागली."

रिक्षातून उतरले तेव्हा गल्लीत माणसंच माणसं. घराच्या मागून काळा धूर निघत होता. नगरपालिकेची अग्निशामक गाडी गल्लीच्या तोंडाशी अडकली होती, माणसं नळी ओढत आत नेत होती. शेजारच्या घराच्या ओट्यावर हे पडले होते, खाली चादर, तोंडावर काजळी. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन आक्का बसल्या होत्या. त्यांचे दोन्ही तळहात वर उघडे, लालभडक. शेजारी नव्यानेच संसार थाटलेली मुलगी त्यांच्यावर पाणी ओतत होती.

काय झालं ते नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. आक्कांनी चादरी मशीनमध्ये टाकल्या आणि ह्यांना वरणभात भरवायला मधल्या खोलीत गेल्या. करपट वास आला. त्यांना वाटलं शेगडीवर काही राहिलं. उठून गेल्या तर मशीनच्या मागून जाळ निघत होता, वरचं प्लॅस्टिकचं फडताळ पेटलं होतं. त्यांनी बटण बंद केलं. बादलीभर पाणी फेकलं. पण पाईपातली आग भिंतीला धरून वर चढत होती आणि खोली धुराने भरली होती. मग त्या भावाकडे धावल्या.

"उचलता तं येत नव्हतं," त्या मला म्हणाल्या. "चादरीसकट खाली घेतलं, अन् ओढत नेलं. बाहेरचं दार सैपाकघराला लागूनच, त्याची कडी तापली होती, निघेचना. तो खोकलून राह्यला होता, अन् मी म्हणून राह्यली होती, भाऊ, दम धर, भाऊ, दम धर."

कडी त्यांनी उघड्या हातांनी काढली होती. शेजारच्या मुलीने आवाज ऐकून गडीमाणसं जमवली, गॅसची टाकी बाहेर काढवली, फोन केला. ती नसती तर घर राहिलं नसतं.

हे भाजले नव्हते. अंगावर एक फोड नव्हता. पण आधीच अर्ध्या ताकदीची छाती, तिच्यात तो सगळा धूर गेलेला. दवाखान्यात प्राणवायू लावला. पुढे न्यूमोनिया झाला. आक्का हाताला बँडेज बांधून पायथ्याशी बसून असत. त्यांना घास घेता येत नसे, मी भरवायची. एका दुपारी त्यांनी वाकून विचारलं, "भाऊ, कसं वाटते?" मास्कच्या आत ह्यांचे ओठ हलले. शब्द आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

शॉर्टसर्किट, असं सगळे म्हणाले. गल्ली म्हणाली, नातेवाईक म्हणाले, भेटायला आलेले सगळे तेच म्हणत. मीही म्हणत होते. या शब्दाचा एक फायदा असतो, त्यात कुणाचं नाव येत नाही.

तेरावं झाल्यावर मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं. आक्का पुढच्या खोलीत निजल्या होत्या. मशीनचा काळा सांगाडा बाजूला सारला. खोलीतला पाईप जळून गेला होता, पण भिंतीच्या जाडीतला तुकडा तसाच होता. मी तो ओढला. तो जड लागला. आत बोट घातलं तर बोट जाईना. कापूस दाबून दाबून त्याचं घोंगडीसारखं घट्ट बूच झालं होतं. मग मी बोळीत गेले, गवत तुडवत. जाळी अजून जागेवर होती, पण तिच्यातून पलीकडचं दिसत नव्हतं. तिच्या एकूण एक भोकात करडी लव बसली होती. हवा बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. सगळी ऊब आत कोंडत गेली आणि त्या उबेत तो कापूस भाजत राहिला. मी नखाने थोडा खरवडला. त्यात ह्यांच्या निळ्या लुंगीचे धागे होते.

संध्याकाळी लेकीला फोन करून सांगितलं. जाळी नेमकी कुठे बसवली होती, हे तिने पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाली, "आमच्याकडे जाळी नव्हती गं. पाईप बाल्कनीत मोकळा होता. आणि वर्षातून एकदा माणूस येऊन तो काढून साफ करून जायचा. मला वाटलं... मी तुला सांगायला हवं होतं."

"तुझ्या बाबांना कोरडी चादर मिळाली," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"आत्याला सांगू नकोस," ती म्हणाली.

मी तसंही सांगणार नव्हते. ज्या बाईने भावाला कडेवर वाढवलं, ज्वाळांतून ओढून काढलं, तिला कसं सांगायचं की तुम्ही सुचवलेल्या जाळीने हे झालं? मी पाईपाचा तुकडा आणि जाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि कचऱ्याच्या गाडीत टाकली. भिंतीचं भोक सिमेंटने बुजवलं. आक्कांनी विचारलं नाही, मी बोलले नाही.

त्या माझ्याकडेच राहिल्या. देऊळघाटला जाऊन तरी काय करणार होत्या? हात बरे झाले, पण तळव्याची कातडी आखडली, मूठ पूर्ण मिटेना. भाकरी थापता येईना, याचं त्यांना फार वाटे. संध्याकाळी मी शाळेतून आले की त्या मधल्या खोलीत, जिथे पलंग होता त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून बसलेल्या दिसायच्या. मी दिवा लावायची आणि त्या म्हणायच्या, "आली का?" एवढंच.

त्यांना थोडं माणसात आणलं ते शेजारच्या मुलीच्या बाळाने. तिला त्या हिवाळ्यात मुलगी झाली. माहेर लांब, नवरा बँकेत, दिवसभर बाहेर. आक्का तेल लावायला जाऊ लागल्या. आखडलेल्या हातांनी त्या बाळाचे पाय चोळत आणि तिच्याशी बोलत. आमच्या घरात कितीतरी महिने न ऐकलेला त्यांचा आवाज भिंतीपलीकडून यायचा.

पुन्हा आषाढ आला. बाळाचे लंगोट, दुपटी. एका रविवारी त्या मुलीने आम्हा दोघींना चहाला बोलावलं. "काकू, या ना, एक गंमत दाखवते."

मागच्या खोलीत कपडे वाळवायचं मशीन होतं. पांढरं, नवं कोरं.

माझा चेहरा तिने पाहिला असावा. घाईघाईने म्हणाली, "घाबरू नका काकू. शॉर्टसर्किटची भीतीच नाही आता. यांनी सगळं वायरिंग नवं करून घेतलं, वेगळी लाइन, वेगळं बटण. काही झालं की आपोआप बंद." मग खिडकीतून बाहेर दाखवत म्हणाली, "आणि आक्कांनी सांगितलं तशी पाईपाला जाळीपण लावून घेतली. उंदीर फार आहेत इथे."

मी खिडकीतून वाकून पाहिलं. तीच बोळ, तसाच चंदेरी पाईप. तोंडावर बारीक हिरवी जाळी.

आक्का खाली सतरंजीवर बसल्या होत्या, पायांवर बाळ. त्या म्हणाल्या, "हाव, मीच सांगतलं तिले. भोक उघडं नोको ठेवू म्हणलं."

मला तेव्हा आक्कांना बाहेर पाठवता आलं असतं. त्या मुलीला नंतर एकटीला गाठून सांगता आलं असतं. हे मला पुढे पुष्कळदा सुचलं. त्या क्षणी सुचलं नाही. आतल्या पाळण्यावर दुपटी टांगलेली दिसत होती आणि मशीन चालू होतं, गुरगुरत होतं. मी म्हणाले, "ते आधी बंद कर. जाळी काढ."

"काऊन वं?" आक्का म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. भिंतीतलं बूच, जाळीच्या भोकांत बसलेली लव, बाहेर न पडलेली ऊब. आग वायरीने नाही, कापसाने लागली. चाळणी दर वेळी साफ करायची, पण तेवढं पुरत नाही. पाईप काढून आतून ब्रशने झाडायचा, शक्य तेवढा आखूड आणि सरळ ठेवायचा, मशीनच्या मागचं झाडून घ्यायचं. तोंडाला जाळी लावायची नाही, नुसतं उघडझाप होणारं झाकण लावायचं, आणि मशीन चालू असताना ते उघडतंय का हे बाहेर जाऊन बघायचं. कपडे वाळायला वेळ लागू लागला तर वाट पाहायची नाही. घरात कुणी नसताना चालू ठेवून जायचं नाही. मी शाळेत सांगते तसं एकेक सांगत गेले, कारण मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. बोलताना मी आक्कांकडे बघितलं नाही.

मुलीने मशीन बंद केलं. खोलीत एकदम शांत झालं. आमच्याकडची जाळी कुणाच्या सांगण्यावरून लागली असेल हे तिच्याही लक्षात आलं असावं, कारण तिने माझ्याकडे आणि मग आक्कांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

आक्का बाळाचा पाय चोळत होत्या. चोळतच राहिल्या. मग बाळाला दुपट्यात गुंडाळून तिच्या आईच्या हातात दिलं आणि उठल्या. "चहा नोको मले," म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "तुले कधीचं मालूम होतं?"

"तेराव्यानंतर."

"अन् तुह्या पोरीले?"

"तिलाही."

"मंग मलेच नाही." त्या पलंगाच्या मोकळ्या जागेशी उभ्या होत्या. "मले लहान लेकरू समजल्या का तुम्ही? मी त्या पोरीच्या घरात बी तेच करून आली असती. त्या लेकराच्या घरात. तुम्ही दोघी गप बसल्या, अन् मी सांगत फिरली, जाळी लाव, जाळी लाव."

"आक्का, तुम्हाला त्रास होईल म्हणून..."

"आता नाही झाला का?"

मी त्यांचे हात धरायला गेले. त्यांनी ते पदरात घेतले. रडल्या नाहीत. मी रडले असते तर कदाचित त्यांनाही रडू आलं असतं, पण मलाही रडू आलं नाही.

सकाळी त्यांनी पिशवी भरली. मी राहा म्हटलं, पुष्कळ म्हटलं. त्या म्हणाल्या, "रागानं नाही जाऊन राह्यली. पण ह्या घरात आता मले बसवत नाही." बसस्टँडवर मी त्यांना बसवून दिलं. खिडकीतून त्यांनी मला फक्त एवढं विचारलं, की त्या पोरीने जाळी काढली का. काढली, मी म्हटलं. तिच्या नवऱ्याने माझ्यासमोर काढली होती, आणि थोड्या दिवसांच्या वापरात त्या जाळीवरही करडी साय धरली होती. ते मी सांगितलं नाही.

शेजारचं मशीन आजही चालू आहे. मुलगी नियमाने पाईप काढते, अंगणात झाडते, आणि झाडताना मी दारात असले तर माझ्याकडे बघत नाही. बाळ आता चालतं. अधूनमधून "आक्का कधी येणार" म्हणून मुलगी विचारते.

आक्का परत राहायला आल्या नाहीत. वर्षश्राद्धाला सकाळच्या बसने आल्या, पान वाढलं, दुपारच्या बसने गेल्या. फोन केला की बोलतात, सोयाबीन कसं आहे, पाऊस किती झाला. स्वतःहून करत नाहीत.

भाऊबीजेला मी देऊळघाटला गेले. त्यांना एकटं वाटेल असं वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही घरात राहवत नव्हतं. त्या ओसरीवर तूर निवडत होत्या. भाकरी शेजारणीकडून आली होती. दोघी जेवलो. जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, "तू सांगतलं ते बरंच केलं. नाही तं त्या लेकराचं काय झालं असतं."

मी मान हलवली.

"पण माय, त्या पोरीसमोर काऊन सांगतलं वं? घरी आणून मले सांगती तं मीच जाऊन तिले म्हणली असती, काढ ते. मले माह्या तोंडानं म्हणू द्यायचं होतं."

मी ताटं उचलली आणि मोरीवर घासायला नेली. आक्का पुन्हा तूर निवडायला बसल्या, आखडलेल्या बोटांनी एकेक खडा वेचत. मी येऊन शेजारी बसले, आणि बुलडाण्याची बस यायची वेळ होईपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो.